पडायला वेळ काढा

प्रिय ताई,

मी ३७ वर्षांची, साताऱ्यात बँकेत नोकरी करते. पाच वर्षांपासून पळते, दर रविवारी सकाळी यवतेश्वरचा घाट करते. गेल्या वर्षी आपली हिल हाफ मॅरेथॉन २ तास २८ मिनिटांत केली, यंदा सप्टेंबरात २ तास १५ च्या आत यायचंय. थंडीत एका ग्रुपबरोबर प्रस्तरारोहण करते. गेल्या वर्षी तैलबैला झालं, येत्या हिवाळ्यात लिंगाणा ठरलाय.

माझी नऊ वर्षांची लेक जूनपासून ज्युदोला जाते. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी ६ ते ७. मी बाकावर बसून मोबाइल बघते. मॅटवर कुणी आपटल्याचा आवाज आला की माझेही पाय हलायला लागतात. परवा तिचे सर म्हणाले, "मॅडम, बसून काय करता? उतरा तुम्हीपण." तेव्हापासून डोक्यात तेच आहे. मी हिशेब केला: आठवड्याला तीन तास मध्यम व्यायाम, क्रॉस ट्रेनिंग म्हणून पळण्यालाही उपयोग होईल. नवरा म्हणतो, कर. धाकटा भाऊ जिम ट्रेनर आहे, तो म्हणतो, "एक ना धड, भाराभर चिंध्या." पण मेरी कोमही आधी ॲथलेटिक्सच करायची ना?

माझं वजन ५४ किलो. दोन महिन्यांत दोन किलो उतरलंय, हलकं वाटतं. गुरुवारचा उपवास असतो. क्लासमध्ये मोठ्या बायका नाहीत, लहान मुलं आणि चार-पाच कॉलेजची पोरं आहेत. काय करू? आणि ज्युदोचा ड्रेस घेताना काय बघायचं?

बाकावरची आई, सातारा

---

प्रिय बाकावरची आई,

उतरा मॅटवर. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं तुम्ही 'हो की नाही' शोधत वाचाल. मात्र सप्टेंबरपर्यंत फक्त पडायला उतरा, लढायला नको. आणि ते २ तास १५ मिनिटांचं यंदा सोडून द्या.

तुमच्या पत्रातला एक शब्द मला खटकला, तो म्हणजे 'मध्यम'. तीन तास मध्यम व्यायाम. हा हिशेब पळणाऱ्या माणसाचा आहे. पळताना वेग तुमच्या हातात असतो, पोटरी धरली तर तुम्ही चालायला लागता. कातळावरही पुढची पकड घ्यायची की दोरावर बसून श्वास घ्यायचा हे तुम्हीच ठरवता. मॅटवर समोर दुसरं माणूस असतं. किती जोर लागणार, कधी पडणार, कुठल्या अंगावर पडणार, यातलं निम्मं ते ठरवतं. तुम्ही घरून 'आज हलकं करायचं' म्हणून निघाल आणि समोरच्या पोराची त्याच दिवशी परीक्षा संपलेली असेल. त्यामुळे ज्युदोचा तास आधीच कागदावर 'मध्यम' म्हणून मांडता येत नाही. तो कसा होता हे झाल्यावरच कळतं.

त्यातून तुम्हाला आहे दम, आणि तोच तुम्हाला गोत्यात आणायचा. सर्वसाधारण नवशिका दहा मिनिटांत धापा टाकत कडेला जाऊन बसतो. त्याची दमछाकच त्याला सांभाळते. तुम्ही यवतेश्वरचा घाट चढून येणाऱ्या बाई. तुम्ही कडेला बसणार नाही, चुकीचं पडत राहाल, पन्नास मिनिटं, हसत हसत.

हे मी स्वतःच्या खांद्यावरून सांगते. १९९० साली मी २३ वर्षांची होते, जिल्ह्याच्या कबड्डी संघात खेळायचे, अंगात रग होती. ज्युदो शिकायला गेले. कुठे, ते राहू द्या. तिसऱ्याच आठवड्यात तिथल्या प्रशिक्षकांनी "ही दणकट आहे" म्हणत मला ब्राऊन बेल्टवाल्या मुलीसमोर उभं केलं. तिनं मला कमरेवर घेतलं आणि मी सवयीनं हात लांबवला. चढाईवरून परतताना मध्यरेषेकडे झेपावायचं, हात पुढे, ही माझी सात वर्षांची सवय. सगळं वजन त्या ताठ हातावर आलं आणि गळपट्टीचं हाड खांद्याला जिथं जोडलेलं असतं तिथला सांधा उखडला. दोन महिने हात गळ्यात. कबड्डीचा अख्खा हंगाम गेला. वेणी घालायला धाकटी बहीण लागायची, आणि ती दर वेळी मोबदला घ्यायची. चूक प्रशिक्षकांची होतीच, पण निम्मी माझीही होती. 'दणकट' ऐकायला मला फार आवडलं होतं.

तेव्हा आधी पडणं. त्याला उकेमी म्हणतात. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान ही आपली शाळा सुरू केली तेव्हापासून शिकवणीचा पाया हाच आहे. हनुवटी छातीला, नजर आपल्याच पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोकं मागे जात नाही. श्वास सोडत पडायचं. हात शरीरापासून थोडा दूर, सबंध तळव्यापासून दंडापर्यंत एकदम मॅटवर आपटायचा. तुम्हाला बाकावर ऐकू येतो तो आवाज याच हाताचा. पाठ वाजली तर तो आवाज वेगळा असतो, बोदा. दोन आठवड्यांत तुम्हाला कान मिळेल. आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्यानं, मग खांद्यावरून कोलांटी, आणि हे सगळं झाल्यावर मग कुणीतरी धरून सावकाश पाडायचं. पहिल्या पंधरवड्यात सकाळी उशीवरून डोकं उचलायला हाताचा आधार घ्यावा लागेल. मानेचे पुढचे स्नायू आयुष्यात पहिल्यांदाच कामाला लागलेले असतात. ते ठीक आहे. मुंग्या आल्या किंवा दुखणं हातात उतरलं तर ठीक नाही, सरळ डॉक्टर.

सरांना एक गोष्ट स्पष्ट सांगा. ओसोतो-गारी नावाचा डाव आहे, समोरच्याला मागे झुकवून त्याच्या पायाला मागून टांग मारायची. दिसायला सोपा, त्यामुळे सगळीकडे सुरुवातीलाच शिकवतात. पण यात माणूस थेट पाठीवर, डोकं मागे, असा जातो. जपानमधल्या शाळांत डोक्याच्या गंभीर इजा झाल्या त्यांचा अभ्यास झालाय, त्यात नवशिकी मुलं आणि हाच डाव पुन्हा पुन्हा पुढे येतो. तुमच्यावर तो तीन महिने कुणी पूर्ण वेगानं टाकू नये. हे सांगितल्यावर सर हसून "अहो काही होत नाही" म्हणाले तर बाक बरा. "बरोबर आहे मॅडम" म्हणाले तर माणूस चांगला मिळालाय.

आणि जोड. क्लासमध्ये मोठ्या बायका नाहीत ही तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी अडचण आहे, वयबिय नाही. (वयाचं म्हणाल तर जागतिक ज्युदो महासंघाच्या लेखी तिशी गाठली की माणूस 'व्हेटरन'. तुम्ही ३५ ते ३९ च्या, म्हणजे दुसऱ्या गटात. अभिनंदन.) ५४ किलोच्या बाईनं ७५ किलोच्या पोराशी काय करावं? डाव सावकाश बसवायला तो चालेल, उलट शांत स्वभावाचा आणि वरच्या पट्ट्याचा असेल तर उत्तमच, कारण पाडताना बाही धरून कसं उतरवायचं हे त्याला येतं. रांदोरी, म्हणजे मोकळी लढत, त्याच्याशी नको. आखाड्यात वस्ताद जोड लावताना आधी वजन बघतात आणि मग पोराचं डोकं बघतात. तुम्ही उलट्या क्रमानं बघा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीही चालतात, तिथं मात्र जबाबदारी तुमची. बँकेत, रनिंग ग्रुपमध्ये एखादी तयार होते का तेही बघा. मी सुरुवात केली तेव्हा ऑलिंपिकमध्ये बायकांना ज्युदोची पदकंही नव्हती, ती १९९२ ला बार्सिलोनात आली. आम्ही गावात दोघीच होतो, आणि तीन वर्षं दोघींनी एकमेकींना पाडलं. चालून जातं.

आता ऋतूंचं बोलू, कारण सह्याद्रीत राहण्याचा इथं फायदा आहे. तुमचं प्रस्तरारोहण पावसाळ्यात बंदच असतं. कातळ ओला, शेवाळलेला. म्हणजे जुलै ते सप्टेंबर बोटांना आयती सुट्टी, आणि अंगावर फक्त पळणं आणि पडणं. ऑक्टोबरात स्पर्धा मागे पडलेली असेल, उकेमी अंगात बसलेली असेल, तेव्हा हलकी रांदोरी सुरू करा. डिसेंबर-जानेवारीत लिंगाण्याची तयारी जोरात असेल तेव्हा ज्युदो पुन्हा आठवड्यातून एकदा. तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात शिखरावर न्यायच्या नाहीत, एवढं पाळलंत तर वर्ष पुरतं.

सध्याच्या आठवड्याबद्दल. शनिवारी बाकावरच बसा. रविवारी सकाळी तुम्ही घाट करता, त्याच्या आदल्या संध्याकाळी पन्नास वेळा पडून उठण्यात अर्थ नाही. मंगळवार आणि गुरुवार मॅटवर, आणि त्या दोन दिवशी सकाळी पळणं नाही. पुढे जाऊन मी याच्या उलट सांगेन: जड पळणं आणि जड ज्युदो एकाच दिवशी उरका, म्हणजे मधला दिवस खरोखर हलका राहतो. पण आत्ता तुम्हाला पडणं शिकायचंय आणि ते ताज्या डोक्यानं शिकायचंय. बुधवारी गप्पा मारत होईल इतकं सावकाश पळणं. शुक्रवारी काय ते चढाचे तुकडे किंवा वेग. सोमवारी काही नाही. घाटाची चढण नव्हे, उतरण मांड्या फोडते, आणि ती दुखणी सोमवार-मंगळवारी वर येतात. एखाद्या मंगळवारी जिना उतरताना कठडा धरावा लागला, तर त्या संध्याकाळी क्लासला जा, पण उभ्यानं पडू नका. जमिनीवरचं काम करा.

मघाशी म्हटलं की ज्युदोचा तास झाल्यावरच कळतो. तो मोजायची एक सोपी पद्धत आहे, कार्ल फॉस्टर या अमेरिकन शास्त्रज्ञानं रूढ केलेली. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासानं स्वतःला विचारायचं, शून्य ते दहात हे किती कठीण गेलं? तो आकडा गुणिले मिनिटं. रविवारचा घाट, समजा १३० मिनिटं आणि कठीणपणा ६, म्हणजे ७८०. मंगळवारचं पडणं ६० मिनिटं आणि ३, म्हणजे १८०. कालनिर्णयवर दूधवाल्याचे खाडे लिहिता त्याच चौकटीत हा आकडा लिहा. एखाद्या गुरुवारी कुणी तरी तुम्हाला घुसळून काढलं आणि आकडा ४८० आला, तर शुक्रवारचे चढ रद्द. विचार करायचा नाही, भावाला फोन करायचा नाही. आठवड्याची बेरीज मागच्या आठवड्यापेक्षा एकदम फुगली की पुढचा आठवडा उतरता ठेवायचा. पत्रातल्या तुमच्या हिशेबात हीच एक चूक होती: आकडा तुम्ही आधी लिहिला होता.

तुमच्या भावाला उडवून लावू नका. त्याच्या म्हणण्याला आधार आहे. १९८० साली रॉबर्ट हिक्सन यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. एका गटानं फक्त ताकदीचा व्यायाम, एकानं फक्त दमाचा, एकानं दोन्ही, दहा आठवडे. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सात-आठ आठवडे बरोबरीनं वाढली, मग थांबली आणि शेवटी थोडी उतरली. दम मात्र कमी झाला नाही. पण ती माणसं आठवड्याला ताकदीचे पाच आणि दमाचे सहा दिवस करत होती. तुम्ही दोन संध्याकाळी पडणार आहात. चिंध्या होण्याइतकं कापडच अजून फाडलेलं नाही. फक्त भावाच्या म्हणण्यातलं एक घ्या: वर्षातल्या कुठल्याही वेळी एकच गोष्ट पुढे न्यायची, बाकीच्या दोन टिकवायच्या. या तिमाहीत पुढे जाणार ते तुमचं पडणं. म्हणून २ तास १५ गेलं. स्पर्धा पळा, गेल्या वर्षीच्याच वेळेत पळा, कासच्या वाटेवरच्या ढगांकडे जरा बघा.

मेरी कोमचं उदाहरण तुम्ही तुमच्या बाजूनं दिलंय, पण ते भावाच्या बाजूचं आहे. ती ॲथलेटिक्समधून आली आणि ते सोडून मुष्टियुद्धात गेली. लव्हलिना बोर्गोहाईं मुआय थाई (थायलंडचं किक-बॉक्सिंग) करायची, तीही मुष्टियुद्धात आली. एका खेळाची शिदोरी घेऊन दुसऱ्यात जाणं वेगळं, आणि तीन संसार एकदम चालवणं वेगळं. त्यापेक्षा तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. मातीतला एवढा मोठा मल्ल १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेला तेव्हा मॅटची कुस्ती त्यांना नवी होती. सहावे आले. मग चार वर्षं त्या मॅटसाठी घातली आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्य घेतलं. कुस्तीतून कुस्तीत जातानाही चार वर्षं! आणि गंमत म्हणजे त्या वजनगटात सुवर्ण घेणारा जपानचा शोहाची इशी हा मुळातला ज्युदोवाला. महायुद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. त्याचीही शिदोरीच कामाला आली.

तुमची शिदोरी काय, तर दम आणि पकड. दोन्ही सुरुवातीला दगा देणार. हाफ मॅरेथॉनवाली बाई दीड मिनिटाच्या झटापटीत तोंडानं हवा ओढायला लागते, आणि तिला वाटतं, माझं काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं नसतं. तुम्ही श्वास धरून ठेवलेला असतो आणि अंगातला प्रत्येक स्नायू एकाच वेळी आवळलेला असतो. पळताना कधी असं होत नाही. सराव करताना मोठ्यानं आकडे मोजा, श्वास आपोआप सुटतो.

पकडीचं जास्त जपून. कातळ चढणारे लोक ज्युदोत आले की समोरच्याची बाही अशी धरतात जणू खाली तीनशे फूट आहेत. मिनिटाभरात हात पंप होतात, म्हणजे फुगून दगड होतात, हे तुम्हाला सांगायला नको. खरा धोका पुढे आहे. समोरचा झटका मारून बाही सोडवतो, आणि तुम्ही सोडत नाही. ज्या बोटांनी तुम्ही बारीक कपारीवर क्रिंप करता (बोटं दुमडून टोकांवर भार घेता) त्यांच्याच कंडरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, आणि त्या दोऱ्यांना हाडाशी धरून ठेवणाऱ्या कड्या, त्यांच्यावर तो झटका बसतो. कडी तुटली की बोटातून 'टक्' आवाज येतो आणि लिंगाणा पुढच्या वर्षीवर जातो. तेव्हा करंगळी, अनामिका, मधलं बोट यांनी धरायचं, तर्जनी आणि अंगठा सैलसर, आणि झटका आला की सोडून द्यायचं. पकड पुन्हा घेता येते. ऑक्टोबरानंतर ज्या दिवशी कातळावर बोटं दमली असतील त्याच्या दुसऱ्या दिवशी गीची (ज्युदोच्या ड्रेसची) पकड नको, मधे दोन दिवस जाऊ द्या. फिंगरबोर्ड (बोटांवर लटकायची फळी) वगैरे करत असाल तर पहिले चार महिने ते बंदच.

डोक्याबद्दल माझा नियम एकच आणि तो वाटाघाटीचा नाही. डोकं आपटलं, किंवा न आपटताही जोरात झटका बसला, आणि नंतर डोकं दुखतंय, मळमळतंय, उजेड खुपतोय, बोलणं एक क्षण उशिरा कळतंय, यातलं काहीही झालं, तर त्या दिवशी मॅट संपली. "दोन मिनिटांत ठीक होईन" नाही. डॉक्टरांकडे जा, पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणं, मग हलकं पळणं, असं पायरी पायरीनं, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मॅट नाही. उलटी झाली, झोप अनावर झाली, डोकेदुखी वाढत गेली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता हॉस्पिटल. तुमच्या बाबतीत आणखी एक माणूस यात आहे. तुम्ही वर चढणाऱ्याला बिले देता, म्हणजे त्याचा दोर सांभाळता. मंगळवारी डोक्याला लागलं आणि रविवारी दुसऱ्याचा दोर तुमच्या हातात, हे मला चालणार नाही. तुमच्या ग्रुपलाही चालू नये.

टॅप करायला शिका. मोठ्यांच्या ज्युदोत गळा आवळणं आणि कोपराचे डाव असतात, पुढे कधी तरी ते येतील. समोरच्याला किंवा मॅटला हातानं दोनदा थापटलं की तो सोडतो. आपल्याकडे मातीत शेवटपर्यंत तग धरण्याचं फार कौतुक, पाठ लागेपर्यंत माणूस सुटायचं बघतो. कोपराच्या सांध्याला हे कौतुक कळत नाही.

आता ते दोन किलो. तुम्ही आनंदानं लिहिलंय, मला काळजी वाटली. ५४ किलोची बाई, पळणं वाढवलेलं, वजन उतरतंय, त्यावर आणखी दोन संध्याकाळी. खर्च वाढतोय आणि जमा तीच. असं काही महिने चाललं की शरीर कपात सुरू करतं, आणि पहिली कात्री पाळीला लागते. पाळी लांबायला लागली, किंवा बंद झाली, तर 'बरं झालं, स्पर्धेच्या दिवशी कटकट नाही' असं म्हणू नका. (मी म्हटलं होतं.) हाडं तिथूनच ठिसूळ व्हायला लागतात, मग घाट उतरताना नडगीत बारीक चीर जाते. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या, या आठवड्यातच. ज्युदोत ५२ चा वजनगट आहे, ५७ चा आहे. कुणी "मॅडम, ५२ मध्ये बसाल" म्हणालं तर कानाआड करा.

गुरुवारचा उपवास ठेवा, श्रद्धेत मी पडत नाही. पण तो क्लासचा दिवस आहे, तेव्हा चहावर काढायचा नाही. दुपारी भगर, दाण्याची आमटी, दही. पाच वाजता केळं, राजगिऱ्याची वडी. निर्जळी असेल त्या दिवशी बाक. श्रावणात सोमवारची भर पडेल, त्याचाही विचार आत्ताच करा.

उरलेलं पटकन. मॅटवर धातू चालत नाही. मंगळसूत्र, बांगड्या, चमकी, केसांच्या पिना सगळं काढायचं, आणि जोडवीसुद्धा. जोडवी दोन मॅटच्या फटीत अडकली की बोटच फिरतं, मी बघितलंय. घरात कुणी भुवया उंचावल्या तर सरांचं नाव सांगा. हाताची नि पायाची नखं दर सोमवारी कापा. मॅटवरून आल्यावर साबणानं आंघोळ, कितीही उशीर झाला तरी. पावसाळ्यात नायटा एकाकडून दुसऱ्याकडे फार लवकर जातो, तुमच्याकडून लेकीकडेही. गोल, खाजरा, कडेला लालसर चट्टा दिसला तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मेडिकलवाला देतो ती तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब लावू नका. त्यातल्या स्टेरॉइडनं खाज थांबते आणि नायटा आत पसरतो. आणि तोवर मॅट बंद, लाजायचं नाही, सरांना सांगायचं.

एक मात्र लिहायचं राहिलं. क्रॉस ट्रेनिंग हे कारण तुम्ही स्वतःलाच दिलेलं दिसतंय. तेवढंच हवं असेल तर पोहायला जा, बोटंही वाचतील. तुमचं खरं कारण पत्रात आहेच: आवाज आला की पाय हलतात. ते पुरेसं आहे, त्याला उपयोगाची जोड द्यायची गरज नाही. नवऱ्यालाही द्यावी लागलेली दिसत नाही.

ड्रेसचं. त्याला गी म्हणतात. पहिला साधा, पातळ, एकेरी विणीचा घ्या. जाड दुहेरी विणीचा सप्टेंबरापर्यंत घेऊ नका, साताऱ्याच्या पावसात तो तीन दिवस वाळत नाही आणि गुरुवारी तुम्ही कुबट वासाचा अंगात घालाल. कापड सुती असतं, पहिल्या दोन धुण्यांत आटतं, तेव्हा एक माप मोठं घ्या. आत टी-शर्ट घालायचा. जॅकेटचा डावा पदर उजव्यावर येतो, बायकांचाही. पँटच्या नाडीचा काजा पुढे असतो. मी पहिल्या दिवशी तो मागे घालून तासभर वावरले, कुणी सांगितलं नाही. तुमच्याकडे सांगायला नऊ वर्षांची मुलगी आहे, निघण्याआधी तिला दाखवून घ्या.

तुमची,
ताई